येते

रूळ कधीच भंगारात गेले.
मागे राहिला तो चढ,
इंजिनाच्या फुप्फुसाला झेपेल असा मोजून घातलेला.
आता तो माझ्या गुडघ्यांना झेपतोय.

आम्ही अकरा जण.
सगळ्यात पुढे ग्वेंडा, गळ्यात प्लास्टिकमध्ये घातलेला नकाशा,
ज्याच्याकडे ती बघतसुद्धा नाही.
सगळ्यात मागे मी आणि डेस्मंड.
मी गुडघ्यांमुळे, तो सवयीनं:
बाप गार्ड होता त्याचा, शेवटच्या डब्यातला.
वाटेतल्या प्रत्येक फाटकाची कडी
डेस्मंड दोनदा हलवून बघतो,
मग डोकी मोजतो, ओठ न हलवता.

परवा रोझडेलच्या माळावर होतो.
हेदर फुलायला अजून पंधरा दिवस,
ओल्या गोणपाटाच्या रंगाचा नुसता पसारा आभाळापर्यंत.
"ऑगस्टच्या शेवटाला यायला हवं होतं," प्रू म्हणाली,
जणू तारीख मीच काढली होती.
इथून लोखंडाचा दगड नेत गाड्यांमधून;
आता मेंढ्या उभ्या असतात त्याच वळणावर,
कुठल्याच घाईत नसलेल्या.

तेवढ्यात पायाखालून फडफडत एक पक्षी उठला:
गो बॅक, गो बॅक, गो बॅक.
"ग्राऊझ," ग्वेंडा म्हणाली, "असाच ओरडतो तो,
पुस्तकांतही असंच लिहि—"
आणि माझ्याकडे बघून थांबली.
नऊ माणसांना एकदम
आपापल्या बुटांच्या नाड्या आठवल्या.

मला हसू आलं, अगदी पोटातून.
अठ्ठ्याहत्तर साली ब्रॅडफर्डच्या बसथांब्यावर
हेच ऐकलं होतं, एकदाच,
आणि त्या माणसाचे उच्चार
या पाखराइतके स्वच्छ नव्हते.
हसत हसत डबा उघडला.
शेंगदाण्याच्या चटणीचं सँडविच
प्रूनं आधी हुंगलं, मग दोन खाल्ली.

आज समुद्र डाव्या हाताला.
मध्येच झाडीतून दिसतो, मध्येच नुसता ऐकू येतो.
वाटेवर खडी नाही, राख आहे,
इंजिनांच्या पोटातली, काळी, बारीक,
पावलाखाली कुरकुरणारी.
चालता चालता डेस्मंडला सांगितलं,
आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत,
येते म्हणतात.
"परत यायचं नसलं तरी?"
तरी.
"तिकीट एकेरी असलं तरी?"
तेव्हा तर जास्तच.
एकाहत्तर साली मिरज स्टेशनात
आईला म्हटलं होतं मी.
ती ओळ अजून माझ्या नावावर उधार आहे.
हे त्याला नाही सांगितलं.

रेव्हन्सकार.
इथे म्हणे एक अख्खं शहर व्हायचं होतं.
रस्ते आखले, प्लॉट विकले,
लोक गाडीनं आले, वारा खाल्ला, परत गेले.
स्टेशनाचा फलाट तेवढा आहे,
काठावर गवत, गवतात आमच्या सॅका,
कुणीतरी टाचेच्या फोडाला पट्टी लावतंय.
डेस्मंड काठाशी गेला.
आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग घड्याळात.
हात खांद्यापर्यंत वर गेला,
आणि तिथून
मान खाजवायला वळला.

ग्वेंडानं हाक मारली. सगळे उठले.
मी मागे वळून फलाटाला म्हटलं, येते.
माझ्या मागून तो म्हणाला, "येटे."
चुकलंच होतं: पुरुषानं येतो म्हणायचं असतं.
दुरुस्त करणार होते. राहू दिलं.

रात्री खोलीतल्या बेसिनमध्ये मोजे भिजवले.
काळं पाणी निघालं.
ओतलं, पुन्हा काळं.
तिसऱ्यांदाही.
साठ वर्षं झाली म्हणे शेवटच्या गाडीला.