मुंडकं गेलेला माड

तीस वर्षं खांबांवर चढलो,
सांगे ते रिवण, रिवण ते नेत्रावळी,
तांब्याची तार दातांनी सोलली.
तीच तार मागच्या वर्षी चोरांनी गुंडाळून नेली.
पंचनाम्यावर सही माझी.
आता बहिणीच्या घरी फोन आलाय
आणि त्याला तारच नाही.

म्हणजे आहे, दहा मीटर,
खोक्यापासून अँटेनापर्यंत.
पुढे छत्तीस हजार किलोमीटर
ज्याचं बिल आमच्या खात्याने कधी काढलं नव्हतं.
परवानगीच्या कागदावर तीन शिक्के, एक पुसट.
सुरंगीने तो काजूच्या पावत्यांत चिमटा लावून ठेवला.

होकायंत्र तळहातावर धरून अंगणभर फिरलो.
दक्षिण. तिथून जरा पश्चिमेकडे वळायचं,
मग मान वर, आणखी वर, टोपी पडेपर्यंत.
तिथे तो आहे म्हणे, जागचा हलत नाही.
मला तिथे दिसला फणस.

"ही फांदी काढावी लागेल."
"फांदीवर बारा लागलेत," सुरंगी म्हणाली.
"तुझ्या उपग्रहाला किती लागतात?"

मग राहिला गोठ्यामागचा माड,
दोन पावसांमागे वीज पडून मुंडकं गेलेला,
नुसता खांब.
खांब मला कळतात.
कमरेला जुना पट्टा बांधला, गुडघे कुरकुरले,
खालून पुरसो वेळीपचा पोरगा खोक्याकडे बघत ओरडत होता:
दोन कांड्या! तीन! गेल्या!
हां, परत तीन! मामा, श्वास घेऊ नका!

वीज एकदा पडली तिथे पुन्हा पडत नाही
असं सांगणारे कधी लाइनमन नव्हते.
कमरेइतका खड्डा खणला,
कोळसा, पट्टी, पाच किलो मीठ, दोन घागरी पाणी.
"जमिनीचं लोणचं घालतोस काय रे?"
झाकण म्हणून तिने फुटकं मडकं दिलं.

पहिला फोन माझ्याच घरी, मडगावला.
"मी बोलतोय."
काही नाही.
"अगं मी..."
"कोण?"
"मी बोल..."
"मी कोण?"
आवाज वर जातो, खाली येतो,
उत्तर वर जातं, खाली येतं.
एवढ्या चढउतारात आमची दोन वाक्यं
अरुंद साकवावरच्या दोन म्हशींसारखी
समोरासमोर येऊन उभी राहिली.

आषाढात पुरसोची भावजय अडली.
सुरंगीने गाडी मागवली, ड्रायव्हरला खूण सांगितली:
थाळी डोक्यावर घेतलेला माड दिसेल, तिथे वळ.
मुलगी झाली. वजन सव्वादोन किलो.
तेही फोनवर कळलं,
मला आधी, बापाला मागाहून.

लहानपणापासून हिने माझं एकही वाक्य
शेवटापर्यंत जाऊ दिलं नाही.
आता जाऊ देते. द्यावंच लागतं.
मी थांबलो की तीही थांबते,
वरून माझं उरलेलं काही यायचंय का बघते,
मग म्हणते, "झालं? आता मी."
अठ्ठावन्नाव्या सेकंदाला ठेवते.
साठाला दुसरा मिनिट लागतो,
आणि दुसऱ्या मिनिटाचा भाव
तिने उकड्या तांदळात काढून ठेवलाय.

काल संध्याकाळी फोन आला.
हॅलो म्हटलं. उत्तर नाही.
मनात एक, दोन मोजलं. दहा मोजले.
कांड्या गेल्या असतील, फणसाची पालवी वाढली असेल,
शिडी घेऊन जावं लागणार, असा हिशेब करतोय
तोवर लांबून काहीतरी धप्प.
मग पानांची सरसर, गाईचं हंबरणं,
आणि तिचा दम लागलेला आवाज:

"आयकलंस? अकरावा.
कधीची रिसिव्हर खिडकीबाहेर धरून उभी आहे.
देठ सकाळपासूनच..."

अठ्ठावन्न झाले.
ती ठेवायची थांबली होती की नाही, सांगता येत नाही.
मी मात्र कानाला लावून बसलो,
बाराव्याची वाट बघत,
बायको ताट वाढून हाक मारेपर्यंत.