तरास

केसपेपरवर तिसरा रकाना त्रासाचा.
नाव, वय, त्रास.
काडेपेटीएवढी चौकट.
कमरेचा, दम्याचा, इच्चू चावल्याचा
सगळा तिच्यात बसवावा लागतो मला.

आमच्याकडं कुणी त्रास म्हणत नाही.
जोडाक्षर दातात अडकतं,
म्हणून ते सोडवून घेतात:
तरास.
मोटर तरास देऊन राहिली.
दात येणारं पोरगं तरास देते,
रानडुकरं देतात,
डाव्या पायातली नवी चप्पल देते.
पाहुणा बशी पालथी घालून उठतो,
'तुमाले उगाच तरास देला जी.'
वापरून वापरून
दुकानातल्या वजनासारखा झिजला शब्द.
तरी माप त्याच्यानंच.

पंचफुला इंगळे, वय चौतीस.
सात महिन्यांत पाचव्यांदा.
'काय त्रास?'
'तरास होते, बाई.'
'कुठं?'
तिनं हात छातीवर ठेवला, मग पोटावर,
मग कुठं ठेवावा ते न सुचून
पदराच्या टोकाशी.
नवरा दारात, चौकटीला खांदा लावून.
'गॅस आहे तिले.'
मी लिहिलं: गॅस.
पांढऱ्या गोळ्या, पाच दिवस, जेवणाआधी.

औषधं आणायला कारंज्याला गेले.
मेडिकलवाले धन्यकुमार
गिऱ्हाईक नसलं की पोथी उघडतात.
खोकं बांधता बांधता म्हणाले,
'आमच्यात जीव दोन तऱ्हेचे, सिस्टर.
भ्याला की हलतो, पळतो, तो त्रस.
ज्याला जागचं हलताच येत नाही तो स्थावर,
झाडासारखा.
तुमच्या रकान्यातला त्रास तिथलाच.
मुळात दुखणं नव्हे, भिणं. थरथरणं.
जुने जव्हेरी तर
हिऱ्यातल्या दोषालाही त्रास म्हणायचे.'
मग सुतळी दातानं तोडली
आणि बिलावर शिक्का मारला.

एसटीत खोकं मांडीवर.
आत बाटल्या एकमेकींना लागून वाजत होत्या,
सोमठाण्याच्या फाट्यापर्यंत, सारख्या.
मला पाचही केसपेपर आठवले.
दुखतं असं ती एकदाही म्हणाली नव्हती.
ती शब्दाचा जुना अर्थ सांगत होती,
मी नवा लिहीत होते.
आणि ती त्रस की स्थावर,
हे विचारायला तर रकानाच नव्हता.

सहाव्यांदा आली तेव्हा
मी त्याला म्हटलं, भाऊ, सुट्टे नाहीत,
तेवढे पानठेल्यावरून घेऊन या.
तो गेला.
दार लोटलं. कडी घातली नाही,
आमची कडी वाजते.

शाळेत चा, ची, चे पाठ केलं होतं,
षष्ठी विभक्ती, छडीच्या धाकानं.
तिचं काम पडेल असं वाटलं नव्हतं.
या वेळी मी 'काय' म्हटलं नाही.
'कोणाचा तरास, पंचफुला?'

ती खिडकीपाशी गेली.
तिथून पानठेला दिसतो,
ठेल्यापुढं दोन सायकली, आणि तो,
हातात नोट, पाठमोरा.
पंचफुलानं मोजल्यासारखं पाहिलं.
पदराचं टोक सोडलं.

'कितीक वेळ हाये, बाई?'