पदरचं

तपकीर गल्लीत घोटवडेकरांनी
कपॅसिटर पुडीत बांधून दिले, हिंग द्यावा तसे.
म्हणाले, पोरांना सांगा मॅडम,
हा पदरचं काही घालत नाही.

शेवटची बॅच गेल्यावर
प्रयोगशाळेत मी एकटीच जोडणी केली.
एक रेझिस्टर, एक कपॅसिटर,
जनरेटरची गुळगुळीत हिरवी लाट.
स्विच दाबताच पडद्यावर
क्षणभर काहीतरी धडपडतं, तोल सावरतं
आणि विरून जातं.
उरते दुसरी लाट:
पहिलीहून बुटकी, जरा मागून येणारी,
पण ठेका तोच.
सेकंदाला हजार म्हणजे हजारच.

वारंवारता वाढवत गेले.
ती आणखी बुटकी, आणखी मागे,
तरी पाव फेऱ्यापलीकडे
कधीच रेंगाळली नाही.

पुस्तकात या मागे राहण्याला कला म्हणतात.

पक्षाघातानंतर बाबांपर्यंत
माझं वाक्य असंच उशिरा पोचतं.
मी विचारते, चहा?
खाली कर्वे रस्त्यावरून एक बस जाते,
तिच्यामागून दुसरी,
मग अर्ध्या आवाजात, माझ्याच चालीत
ते म्हणतात,
चहा.

सहा महिने हेच.
जेवण? जेवण. दिवा? दिवा.
मी मनातल्या मनात आलेख काढू लागले होते.

काल विचारलं, चहा?
बस गेली. दुसरी गेली.
शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
मग ते म्हणाले,
साखर कमी घाल, परवा पाक केला होतास.

मी गाळणं हातात घेऊन उभीच.
यातलं काहीच
मी पाठवलं नव्हतं.