रिकामा रकाना

संध्याकाळी पाचला डेस्ली गाडीतून जाळी उतरवते.
चार कड्यांचं एकेक, लांबट, तोंड आत वळलेलं.
जाता येतं, परतता येत नाही.
सार्डिनच्या डब्याला ती खिळ्यानं सहा भोकं पाडते.
सात पाडली तर तेल मध्यरात्रीच संपतं, म्हणते.

आणि प्रत्येक जाळ्यात दुधाची एक रिकामी बाटली,
बूच घट्ट लावलेली,
म्हणजे जाळ्याची पाठ पाण्यावर राहते
आणि आत सापडलेल्याला नाक वर काढता येतं.
"एकदा विसरले होते," एवढंच बोलते.
अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन
पुन्हा सगळी बुचं चाचपून येते.

मरे नदीचं हे साचलेलं वळण.
कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी,
उघड्या पडलेल्या रेड गमच्या मुळ्या.

पहाटे जाळं ओढताना हाताला आधी वजन कळतं.
लांब मानेचं एक, पाठीवर शेवाळ,
रागावून असा वास सोडतं
की माझी बाही दोन दिवस कुणी जवळ घेणार नाही.
डेस्ली त्याच्या पाठीच्या कडेवरून अंगठा फिरवते,
मध्येच थांबते.
डावीकडे एक खाच, उजवीकडे दोन,
झिजून गुळगुळीत.
"ही क्लॅरीची कानस."
क्लॅरी म्हणजे तिचे वडील.
सत्याऐंशी साली गेले.

दुपारपर्यंत एकतीस कासवं.
भरपूर आहेत की, मी म्हणालो.
सगळी वीतभर, दीड वीत. पिल्लू एकही नाही.
जाळ्याची भोकं मोठी असतील?
ती काही बोलली नाही. माशांचं बारीक जाळं
तिनं कालच पलीकडे लावलं होतं,
त्यात कोळंबी होती फक्त.

मग मला काठावर नेलं.
वाळूत उकरलेला खड्डा,
भोवती लांबट पांढरी टरफलं,
आणि कोल्ह्याची पावलं,
नाक्यावरून दूध आणायला रोज जावं
तशी सरळ, बिनघोर.

क्लॅरीच्या कासवाला तिनं पाण्याकडे तोंड करून ठेवलं.
ते बराच वेळ हललंच नाही.

गाडीत वही तपासताना म्हणाली,
हा रकाना रिकामा का?
पिल्लं नव्हती म्हणून, मी म्हणालो.
"रिकामा म्हणजे कुणी पाहिलं नाही.
आपण पाहिलंय. शून्य लिही."

मागची पानं उलटली.
वर्षामागून वर्ष, एकाखाली एक,
तिच्या हातची लांबट शून्यं.
माझं ओल्या कागदावर नीट उमटेना,
पुन्हा गिरवलं.