मासळीटाका

हर्णैला बर्फाच्या गोदामावर एक खोली होती,
मच्छीमार सोसायटीची. खाली लाद्या फोडत,
वर मी फळ्यावर टाके काढी.
वर्ग सरकारी, मुदत सहा महिने,
बायका चौदा, कात्र्या चार.

पाचव्या आठवड्यात मासळीटाका आला:
मधे सरळ कणा,
दोन्ही अंगांना तिरके, सारख्या अंतराचे काटे.
खडू ठेवला आणि पाठीमागे हसू फुटलं,
आधी येसू चोगलेचं, मग जैबूचं,
मग साऱ्या खोलीचं.

'बाई, ह्यो कंचा मासा?'

मी पुस्तक दाखवलं.
लिलावात कालच्या पापलेटाकडे बघतात
तशी येसू त्याच्याकडे बघत राहिली.
'बांगड्याचा काटा शेपटीकडं बारीक होत जातो.
मांदेलीचा तर निस्ता केस.
आन् ह्याचं प्वाट कुठाय?
पोटाशी काटं लांब आस्तात, बाई.'

मी देवरुखची. आमच्या घरात मासा
फक्त पंचांगात, बाराव्या राशीला.
मी म्हटलं, परीक्षेला पुस्तकातलाच येतो.

तेराजणींनी पुस्तकातला काढला,
रुमालाच्या कडेनं, निमूट.
येसूनं मधोमध
एकपदरी राखाडी धाग्यानं
बांगडा भरला, खाऊन झालेला:
डोक्याशी टाका रुंद, पोटाशी वाकलेला,
शेपटीशी इतका आखूड
की सुई कुठून गेली, कुठून आली कळेना.
पट्टी तिनं घेतलीच नाही. नखानं मोजत होती.
नखात एक खवला होता.

रत्नागिरीहून परीक्षक आल्या.
रुमाल उलटा केला, सुलटा केला, लिहिलं:
'अंतर असमान.' दहापैकी तीन.
खाली माझी सही,
निळ्या शाईची, चांगली वळणदार.

येसूनं तीन आकडा वाचला.
रुमालात सुटे पैसे बांधले, कनवटीला खोचले,
होड्या लागल्या असतील म्हणाली
आणि जिना उतरून गेली.

पुढे गुहागर, चिपळूण, परत गुहागर,
बावीस वर्षं मी तोच टाका शिकवला,
पट्टी लावून.
नाव मात्र तोंडातून निघेना.
'आता हा तिरका टाका घ्या,' म्हणायचे.
एखादी हुशार मुलगी पान उघडून विचारायची,
बाई, ह्याला पुस्तकात तर—

हो गं, म्हणायचे.
पुस्तकात.