सात युनिटं

बिल येतं कन्नडमधून.
आकडे ओळखीचे, बाकीची अक्षरं
कांडीवरून सुटलेल्या सुतासारखी, टोक सापडत नाही.
मग मी परसातून हाक मारते.
रुद्रव्वा पदराला हात पुसत येते,
कागद आपल्या खोलीत नेते, बल्बखाली धरते,
‘थांब, वाचतो की मी.’

चार महिने तेच वाचतेय.
दोनशे सहा. दोनशे नऊ. दोनशे आठ. दोनशे सात.
दोनशेच्या आत राहिलं तर सरकार भरतं,
वर गेलं की
सगळंच्या सगळं आपल्या अंगावर.
वडगावात नळावर, मागावर, जिथं तिथं हाच हिशेब:
कुणाचं शून्य आलं, कुणाचं पंधराशे.

शिलाई मशीनची मोटर मी काढून ठेवली,
पायानं मारते. गुडघा रात्री बोलतो.
फ्रिज दिवसाआड.
कोथिंबीर ओल्या फडक्यात, खासबागच्या बाजारातनं
आणलेल्या माठाला टेकवून.
ब्लाउज घडी घालून गादीखाली दाबले
की इस्त्री झाली, गिऱ्हाइकाला काय कळतंय.
तरी दोनशे सात.

ऑफिसला गेले. मीटर पळतंय म्हटलं.
खिडकीतला माणूस चांगला होता,
मराठी मोडकं, पण मोडून का होईना बोलला:
‘अक्का, मीटर बरोबर हाय. घरातनंच कुठं तरी जातंय बघा.’
आर. आर. नंबर अजून सासऱ्यांच्या नावावर,
ते जाऊन अकरा वर्षं झाली.
गेलेल्या माणसाच्या नावानं घरात करंट येतो
याची मला त्या बाकड्यावर पहिल्यांदा गंमत वाटली.

तिन्हीसांजेला कलाप्पा आला.
त्यानं घरातलं सगळं बंद केलं, मेन तेवढा चालू,
आणि मीटरपुढं उभा राहिला.
लाल ठिपका लुकलुकतच होता.
‘काकू, काहीतरी ओढूलाय बघा.’
कपाटामागून, कौलांखालून
एक पिवळी वायर निघाली.
जोड मी लगेच ओळखला.
तुटलेलं सूत चालू मागावर बांधावं
तशी गाठ, ह्यांच्या हातची.

वायर पेरूच्या फांदीवरून परसापलीकडं,
रुद्रव्वाच्या खोलीत.
चाळीसचा एक बल्ब.
तिचा मीटर थकबाकीत काढून नेला होता,
तिची पोर दहावीला होती त्या वर्षी.
मला काही बोलले नव्हते.
कुणालाच काही बोलायचे नाहीत.

कलाप्पानं बोटांवर मोजलं:
चाळीस, सहा तास, तीस दिवस.
‘सात युनिटं. आणि वर थोडं.’
पक्कड हातात, माझ्याकडं बघत.
‘तोडू?’

मी आतून शंभराची नोट आणली.
नऊचा एलईडी घे म्हटलं,
आणि तिला सांग, जुन्याचा उजेड डोळ्याला वाईट.
बाकी काही सांगू नकोस.
गाठीवर तेवढी चिकटपट्टी लाव, पावसाळा येतोय.
तरीही दीड-दोन युनिटं वर जात होती.
ती मी मिक्सरमधून काढली. चटणी पाट्यावर.
गुडघ्याच्या जोडीला आता खांदा.

पुढच्या महिन्यात तिनं कागद धरला
नव्या, पांढऱ्या उजेडात, बराच वेळ.
‘सोन्ने,’ म्हणाली.
मग माझ्यासाठी, ‘शून्य.’
चष्मा काढून दारातून बाहेर बघितलं,
पेरूकडं, फांदीवर.
‘भरमा असता तर,’ म्हणाली
आणि पुढचं बोलली नाही.

सकाळी परसात गेले
तर पाटा ओला होता,
आणि वर ताटली झाकलेली:
शेंगदाण्याची चटणी, लसूण जरा जास्त,
दोन दिवस पुरेल एवढी.