बिल्टी

शनिवारी पहाटे लोबेडवरून गाडी उतरली
आणि काकूनं पिशवीतून बिल्टीबुक काढलं.
पप्पा म्हणाले, वहिनी, शर्यतीच्या गाडीला कसली बिल्टी?
काकू म्हणाली, एकतीस वर्षांत आपलं चाक
कागदाशिवाय हललेलं नाही.

पाठवणार : टेमगिरे रोडलाइन्स, निगडी.
घेणार : टेमगिरे रोडलाइन्स, निगडी.
कुठून : पिट क्रमांक सहा.
कुठे : पिट क्रमांक सहा.
माल :
इथं तिचं पेन अडलं.

रिकामी गाडी म्हणजे तोटा,
हे आमच्यात पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात.
परतीचा माल मिळेना म्हणून तुळशीरामकाका
गुवाहाटीच्या वजनकाट्याशेजारी अकरा दिवस पडून होता,
इकडं सुदीपचं बारसं झालं, नाव ठेवलं,
ते त्याला पीसीओवरून कळलं.
आता तोच सुदीप बापाला सांगतो,
वजन काढा बाबा, अजून काढा.
हौदा काढला. क्लीनरची सीट काढली.
आरशाचे काळे गोंडे कापले, वारा अडतो म्हणून.
एक गोंडा काकानं उचलून खिशात घातला.

चाकणच्या पुढं, गोदामं संपतात तिथं हा ट्रॅक,
समोर भामचंद्राचा डोंगर, कुंपणापलीकडं कांदा.
कांदा काढणाऱ्या बाया पाठ सरळ करून बघतात :
एवढ्या मोठ्या गाड्या, आणि कुठं जात नाहीत.

ब्रेक तापून लाल होतात,
त्यांच्यावर मारायला पाण्याची टाकी लागते.
सुदीपनं ती भरली, एकशे ऐंशी लिटर.
काकूचा चेहरा उजळला. माल : पाणी.

सरावात काका नवांत सातवा.
गिअर टाकतोस का नारळ फोडतोस,
पप्पा भिंतीवरून ओरडले. त्यांना स्वतःला
स्कूटरसुद्धा धड येत नाही, ते ऑफिस बघतात.
रात्री शेडमध्ये हुलग्याचे शेंगोळे,
आणि टायरच्या हवेवरून बारापर्यंत भांडण.
काका ताटावरच झोपला.

रविवार. दहा फेऱ्या. माझ्या हातात वही आणि घड्याळ.
तिसरी फेरी, सहावा.
सहावी, पाचवा, वळणावर पांढरी वाफ
आणि वाफेतून आधी बाहेर आलेलं आमचं निळं नाक.
आठवी, तिसरा!
काकू पदराची गाठ सोडत होती, बांधत होती.

दहावी फेरी, शेवटून दुसरं वळण.
मागच्या पिवळ्या गाडीनं दोनदा डिपर मारला.
आणि काका
डावीकडं झाला.
अलगद, जसा कोणत्याही घाटात कोणत्याही रात्री व्हायचा तसा.
उजवा हात उचलला, जा म्हणायला,
तो खिडकीच्या जाळीला लागला,
तेव्हा त्याला आठवलं तो कुठं आहे.

चौथा. वहीत लिहायला मला वेळ लागला.
सुदीपनं हातमोजे भिंतीवर आपटले.
काका खाली उतरला, हेल्मेट काखेत,
कपाळावर त्याचा वळ, म्हणाला,
त्यानं डिपर दिला की.
एवढंच.
पिवळ्या गाडीचं पोरगं पेढे घेऊन आलं, वीस-बावीसचं,
काकाच्या पाया पडलं, त्यामुळं शिव्याही देता येईनात.

काकूनं टाकीत काठी घालून बघितली. कोरडी.
बिल्टीवर लिहिलं : पोहोच, शून्य. वाटेत वाफ झाली.
पप्पांनी निमूट शिक्का मारला. शिक्का त्यांच्या खिशात होताच.

परतताना लोबेड काकाच चालवत होता.
केबिनमध्ये आम्ही चौघं, कोणी बोलेना.
तळवड्याच्या अलीकडं मागं एक टेम्पो आला, भाजीचा,
त्यानं डिपर मारला.
काकानं ऐकलं नाही, पाहिलं नाही,
स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून
सरळ बघत राहिला.
टेम्पोनं परत मारला.
बराच रस्ता असाच गेला.
मग सुदीप काचेकडं तोंड करून म्हणाला,
द्या ना बाबा,
त्याचा माल नासेल.